पहिला वर्ग, तिसरा वर्ग आणि मैलांचा हिशोब

मुंबईत घोडपदेवच्या पूर्वेला हार्बर मार्गावरची रे रोड आणि कॉटन ग्रीन ही दोन स्थानके आहेत, पश्चिमेला भायखळा. यांपैकी कोणत्याही फलाटावर आलेली लोकल पाहा. गाडी एकच, मोटरमन एकच, वीजही त्याच तारेतून येते. पहिल्या वर्गाचा डबा आणि दुसऱ्या वर्गाचा डबा एकमेकांना लागून असतात, मध्ये नुसती एक भिंत. दोन्ही डबे पुढच्या स्थानकावर एकाच क्षणी पोहोचतात. मे २०२२ मध्ये लोकलचे पहिल्या वर्गाचे सुटे भाडे निम्म्यावर आणले गेले, तेव्हा पाच किलोमीटरपर्यंतचे भाडे ५० रुपयांवरून २५ रुपये झाले. तेवढ्याच अंतराचे दुसऱ्या वर्गाचे भाडे ५ रुपये होते. म्हणजे कपात झाल्यावरही पाचपट आणि कपातीपूर्वी दहापट!

हे पाचपट पैसे कशाचे? आसन थोडे मऊ असते हे खरे, पण आसनाच्या गादीची किंमत पाचपट भाड्याचा उलगडा करू शकत नाही. प्रवासाचे वर्ग कसे पडले, त्यांच्या भाड्यात एवढे अंतर का असते, आणि विमान कंपन्या देतात त्या ‘मैलां’चा या सगळ्याशी काय संबंध, हे इतिहासातून शोधण्याचा प्रयत्न या लेखात करू.

घोडागाडीकडून आगगाडीकडे

प्रवासाचे वर्ग ही आगगाडीने लावलेली नवी रीत नव्हे. इंग्लंडमधल्या टपालाच्या घोडागाड्यांत ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असे दोन प्रकारचे प्रवासी असत. आतल्यांना छप्पर मिळे. बाहेरचे टपावर, पावसात आणि थंडीत बसत आणि साधारण निम्मे भाडे भरत. आगगाडी आली तेव्हा हीच रीत तिच्यात उतरली. फरक एवढाच की, टपावर बसवण्याऐवजी गरीब प्रवाशांना छप्पर नसलेल्या उघड्या वाघिणीत बसवण्यात आले.

२४ डिसेंबर १८४१ रोजी इंग्लंडमध्ये सॉनिंग या गावाजवळ डोंगर कापून केलेल्या मार्गावर दरड कोसळली आणि एक मालगाडी तिच्यावर आदळली. या मालगाडीला तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या उघड्या वाघिणी जोडलेल्या होत्या. वाघिणींच्या कडा बुटक्या होत्या, त्यामुळे माणसे बाहेर फेकली गेली आणि आठ-नऊ जण दगावले. त्यांतले बहुतेक लंडनच्या संसद भवनाच्या बांधकामावरचे कामगार होते आणि नाताळसाठी घरी निघाले होते. या अपघातानंतर बरीच ओरड झाली. पुढे १८४४ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. प्रत्येक कंपनीने दोन्ही दिशांना रोज निदान एक गाडी अशी सोडावी की, तिला छप्पर आणि बाकडी असतील, तिचा वेग ताशी सरासरी १२ मैलांपेक्षा कमी नसेल, आणि भाडे मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. गरिबाच्या प्रवासाचा किमान दर्जा काय असावा, हे कायद्याने ठरवण्याचा हा फार महत्त्वाचा प्रसंग होता.

छप्पर का नव्हते?

डब्यावर छप्पर घालायला खर्च तो किती येणार? कंपन्यांना तो न परवडण्यासारखा नक्कीच नव्हता. मग त्यांनी ते का घातले नाही? या प्रश्नाचे उत्तर दिले झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने. द्युपुई (१८०४-१८६६) रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यात होता. विहिरीत भूजल कसे वाहत येते यावरचे त्याचे गणित जलशास्त्राच्या पुस्तकांत आजही शिकवले जाते. पूल बांधला तर लोकांचा किती फायदा होतो आणि त्यावर जकात किती ठेवावी, या व्यावहारिक प्रश्नातून तो अर्थशास्त्राकडे वळला.

त्याचा विचार एका छोट्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गाडीने शंभर माणसे जाऊ इच्छितात. त्यांतले दहा जण जास्तीत जास्त ३० रुपये देऊ शकतात आणि नव्वद जण जास्तीत जास्त ५ रुपये. गाडी चालवायला ६०० रुपये खर्च येतो. सगळ्यांना ५ रुपये भाडे ठेवले, तर शंभर माणसे येतील आणि ५०० रुपये जमतील. गाडी तोट्यात जाईल. सगळ्यांना ३० रुपये ठेवले, तर दहाच माणसे येतील आणि ३०० रुपये जमतील. गाडी आणखी तोट्यात जाईल. पण दहा जणांकडून ३० आणि नव्वद जणांकडून ५ रुपये घेतले, तर ३०० अधिक ४५० म्हणजे ७५० रुपये जमतात. गाडी चालते आणि शंभर जण प्रवास करतात. म्हणजे दोन भाडी ठेवणे हा नेहमीच अन्याय असतो असे नाही. कधी कधी त्यामुळेच गाडी धावू शकते.

अडचण पुढे येते. ३० रुपये देऊ शकणाऱ्या माणसाच्या कपाळावर तसे लिहिलेले नसते. तो ५ रुपयांच्याच खिडकीवर जाऊन उभा राहील. त्याला तिथून परतवायचे कसे? त्यासाठी ५ रुपयांचा डबा इतका गैरसोयीचा ठेवायचा की, ज्याला परवडते तो आपण होऊनच वरच्या वर्गात जाईल. द्युपुईने १८४९ साली नेमके हेच दाखवून दिले. तिसऱ्या वर्गाला छप्पर नाही ते गरिबांचा छळ करण्यासाठी नव्हे आणि पैसे वाचवण्यासाठीही नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्याला धाक बसावा म्हणून. ऊन-पाऊस मात्र गरिबाच्या वाट्याला येतो.

खालच्या वर्गाची गैरसोय म्हणजे वरच्या वर्गाचे उत्पन्न राखणारे कुंपणच. वर्गांचा पुढचा सगळा इतिहास या कुंपणाच्या उंचीचा इतिहास आहे.

बोरीबंदरची गाडी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली प्रवासी गाडी भायखळ्यावरून गेली, हे आपण मुलांना शिकवतो. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला अर्थात जी.आय.पी. कंपनीने वर्गांची पद्धत इंग्लंडहूनच आणली. इथले लोक आगगाडीत बसतील का, जातिभेद सोडून एका बाकावर बसतील का, अशा शंका तेव्हा अनेक इंग्रजांना होत्या. झाले उलटेच. लोक लोटले ते खालच्या वर्गाकडे. भारतीय रेल्वेच्या प्रवाशांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सर्वांत खालच्या वर्गाचे असत, आणि प्रवासी वाहतुकीचे बहुतेक उत्पन्न त्यांच्याच आण्या-पैशांतून येई.

ज्यांच्या जिवावर रेल्वे चालली, त्यांना मिळाले काय? १८७० च्या दशकात जी.आय.पी.ने तिसऱ्याच्या खाली चौथा वर्गही काढला. त्याच्या डब्यांत बाकडीच नव्हती. प्रवाशांनी जमिनीवर बसायचे किंवा उभे राहायचे. बाकडी पुढे १८८० च्या दशकात बसवण्यात आली. द्युपुईने फ्रान्समध्ये पाहिलेले न घातलेले छप्पर आणि मुंबईच्या कंपनीने न बसवलेले बाकडे ही एकाच हिशोबाची दोन रूपे आहेत.

तिसऱ्या आणि दुसऱ्या वर्गांच्या मध्ये पुढे ‘इंटर’ हा आणखी एक वर्ग आला. प्रवाशांची चाळणी जितकी बारीक, तितके प्रत्येकाकडून घेता येणारे पैसे जास्त.

या व्यवस्थेवर सर्वांत नेमके बोट ठेवले गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्यांनी मुद्दाम तिसऱ्या वर्गाने देशभर प्रवास केला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये रांचीहून वृत्तपत्रांना एक सविस्तर पत्र लिहिले. मुंबई ते मद्रास या प्रवासाचे तिसऱ्या वर्गाचे भाडे त्यांनी १३ रुपये ९ आणे भरले होते. डबा २२ प्रवाशांचा, तोही केवळ बसण्यापुरता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे हे नोंदवून त्यांनी विचारले की, पहिल्या वर्गाच्या सुखसोयींचा पाचवा किंवा निदान दहावा हिस्सा तरी तिसऱ्या वर्गाला मिळतो का? वरच्या वर्गांच्या वाढत्या चैनीचा भार तिसराच वर्ग उचलतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. भाडे मोजले, माणसे मोजली, आणि मग भाड्याचे आणि सोयीचे गुणोत्तर ताडून पाहिले. तक्रार अशी मांडली की तिला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते.

पाटी बदलली, पुढे गादीही आली

इंग्लंडमध्ये मिडलंड रेल्वे या कंपनीने १८७२ साली आपल्या सगळ्या गाड्यांत तिसऱ्या वर्गाला प्रवेश दिला. १८७५ साली तिने दुसरा वर्गच बंद केला आणि तिसऱ्या वर्गाची आसने दुसऱ्याच्या तोडीची केली. इतर कंपन्यांनी आरडाओरडा केला, पण हळूहळू त्यांनाही त्याच वाटेने जावे लागले. कुंपण खाली आणूनही रेल्वे चालते हे दिसून आले.

आपल्याकडे १९५५ साली जुना पहिला वर्ग रद्द झाला. दुसऱ्याला ‘पहिला’ आणि इंटरला ‘दुसरा’ म्हणू लागले. तिसरा होता तिथेच राहिला. १९७४ साली तिसरा वर्ग हे नाव गेले आणि त्याला ‘दुसरा’ म्हणू लागले. पण त्याच दिवशी डब्यातले लाकडी फळकूट काही मऊ झाले नाही. नाव बदलणे आणि वस्तू बदलणे यांत फरक आहे, हे विज्ञानाच्या शिक्षकांना निराळे सांगायला नको.

वस्तू बदलली ती १९७७ नंतर, आणि ती बदलणारे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते हे विशेष. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवणारे प्रा. मधू दंडवते कोकणातल्या राजापूर मतदारसंघातून निवडून आले आणि १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी शयनफळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्याचे काम त्यांच्या काळात सुरू झाले. पहिला वर्ग खाली ओढण्यापेक्षा दुसरा वर उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती सर्वांना एकच वर्ग असलेली गाडी म्हणून.

दोन इंच फोम ही गोष्ट छोटी वाटेल. पण द्युपुईच्या नजरेने पाहिले तर तिचे मोल कळते. लाकडी फळी हे कुंपण होते. दंडवते यांनी ते दोन इंचांनी खाली आणले, आणि त्यामुळे पहिल्या वर्गाचे प्रवासी पळून जाऊन रेल्वे बुडाली असे काही झाले नाही. पुढे गीतांजलीलाही वातानुकूलित डबे लागले आणि १९९३ पासून एसी थ्री टियरसारखे नवे वर्ग आले. जुना तिसरा वर्ग कुठे गेला हे पाहायचे असेल, तर कोणत्याही लांबच्या गाडीच्या टोकाला असलेला जनरल डबा पाहावा.

गर्दी हेच कुंपण

आता लोकलच्या पाचपट भाड्याकडे परत येऊ. रे रोड स्थानक १९१० साली कुर्ल्याहून आलेल्या हार्बर शाखेचे शेवटचे टोक म्हणून सुरू झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून याच मार्गाने कुर्ल्याला गेली. या गाड्यांतून गोदीतले, गिरण्यांतले आणि कचेऱ्यांतले लोक ये-जा करू लागले.

लोकलमध्ये गर्दी हीच सर्वांत मोठी गैरसोय असते. पहिल्या वर्गात माणसे कमी असतात, कारण भाडे जास्त असते. आणि जास्त भाडे देणारा देतो, कारण तिथे माणसे कमी असतात. इथे भाडेच सोय निर्माण करते. याचे शुद्ध उदाहरण पॅरिसच्या मेट्रोत होते. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या आसनांत नावापुरताच फरक उरला होता, पण पहिल्याचे तिकीट महाग असल्याने तो डबा रिकामा असे. लोक त्या रिकामेपणासाठी पैसे मोजत. १९९१ साली पॅरिसने हा भेद बंद केला. मुंबईत पहिला वर्ग चालू राहिला आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये वातानुकूलित लोकलची त्यात भर पडली.

विमानातले मैल

एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा विमानात वर्ग असा नव्हताच. विमानप्रवास हाच मुळी पहिला वर्ग होता. १९५२ साली अटलांटिकवरच्या विमानांत स्वस्त ‘टूरिस्ट’ वर्ग आला आणि १९५८ साली ‘इकॉनॉमी’. आगगाडीत घडले तेच आकाशात घडले. इकॉनॉमीतले गुडघे अवघडतात, त्याचे एक कारण जास्त माणसे बसवता येतात हे आहे. दुसरे कारण द्युपुईने सांगितलेले आहे.

ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांच्या भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढायला सुरुवात केली. स्पर्धा वाढली, तसा नेहमीचा प्रवासी आपल्याकडेच कसा राहील हा कंपन्यांपुढे प्रश्न पडला. आरक्षण एव्हाना संगणकावर होत होते, त्यामुळे कोण किती वेळा उडतो हे कंपनीला समजू शकत होते. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाच्या खात्यावर उडालेले मैल जमा करण्याची योजना सुरू केली. काही दिवसांतच युनायटेडनेही आपली योजना आणली. पुरेसे मैल साठले की फुकट तिकीट मिळे किंवा इकॉनॉमीचे तिकीट काढून पहिल्या वर्गात बसता येई.

कंपनीला हे कसे परवडते? विमान उडायच्या वेळी पहिल्या वर्गातली जी आसने रिकामी राहतात, त्यांचे मोल उड्डाणानंतर शून्य होते. कुंपणाचे दार शेवटच्या क्षणी, निवडक लोकांसाठी उघडले, तर खर्च जवळजवळ काहीच येत नाही आणि प्रवासी मात्र बांधला जातो. आपल्या रेल्वेत जागा असेल तर तिकीट तपासनिसाकडे फरक भरून वरच्या वर्गात जाण्याची सोय जुनीच आहे. २००६ पासून वरच्या वर्गातल्या रिकाम्या जागी खालच्या वर्गातल्या काही प्रवाशांना जादा पैसे न घेता बसवण्याची योजनाही आली. तिच्यामागचा हिशोब हाच, कारण त्यांच्या सोडलेल्या जागा प्रतीक्षा यादीतल्या लोकांना विकता येतात.

मैलांच्या योजनेत एक खोच आहे. कामासाठी विमानाने फिरणाऱ्याचे तिकीट बहुधा त्याची कचेरी काढते. मैल मात्र त्याच्या स्वतःच्या खात्यावर जमतात. म्हणून तो स्वस्त विमान न शोधता आपले मैल वाढवणारे विमान शोधतो. पैसे एकाचे आणि बक्षीस दुसऱ्याला! पुढे कंपन्या बँकांना मैल विकू लागल्या आणि न उडताही, नुसत्या खरेदीवर मैल मिळू लागले. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड यांनी आणि २०१६ साली अमेरिकन एअरलाइन्सने अंतर मोजणे सोडून खर्च केलेल्या पैशांवर मैल द्यायला सुरुवात केली. नाव मैल राहिले, अंतर गेले. तिसऱ्या वर्गाला ‘दुसरा’ म्हणावे, तशातलाच हा प्रकार.

पास आणि चंद्र

नेहमीच्या प्रवाशाला सवलत देण्याची कल्पना मात्र मैलांच्या कितीतरी आधीची आहे. रेल्वेचा मासिक पास हे तिचे रूप. पासाचे पैसे रोजच्या सुट्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा बरेच कमी असतात, आणि ही सवलत खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच मिळते. कोणाची कचेरी मोठी आणि कोणाची लहान, हे पास विचारत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. एके काळी गिरणीच्या भोंग्यावर चालत कामाला जाणाऱ्या लालबाग, परळ, घोडपदेवच्या अनेक कुटुंबांतली पुढची पिढी दूरच्या उपनगरांत राहायला गेली. घर आणि काम यांतले अंतर पावलांवरून किलोमीटरांवर गेले.

वर्गात एक हिशोब करून घ्यावा. एक कामगार पनवेलच्या बाजूला राहतो आणि रे रोडला कामाला येतो. जाण्याचे अंतर ४० किलोमीटर धरा, येण्याचे तेवढेच. महिन्याला २५ दिवस धरले, तर वर्षाला किती किलोमीटर झाले? २४,००० किलोमीटर, म्हणजे सुमारे १५,००० मैल. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे दोन वर्षे पुरी व्हायच्या आत त्याची पृथ्वीप्रदक्षिणा होते. सोळा वर्षांत तो ३,८४,००० किलोमीटर जातो. चंद्राचे पृथ्वीपासून सरासरी अंतर जवळपास एवढेच आहे.

मुलांना मग दोन प्रश्न विचारावेत. चंद्रापर्यंतचे हे अंतर त्या माणसाने बसून काटले असेल की उभ्याने? आणि ते बसून काटता यावे यासाठी डब्यात काय बदलावे लागेल, त्याचा खर्च किती, आणि तो कोणी द्यावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांना घरी मिळेल. दुसऱ्यासाठी त्यांना गांधीजींप्रमाणे भाडे आणि माणसे दोन्ही मोजावी लागतील.